आकाशवाणीच्या धुनेमागचा विस्मृत वृंद

पहाटेच्या प्रसारणाआधी वाजणारी आकाशवाणीची धून साऱ्या देशाच्या कानांत आहे. तिच्याशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते वॉल्टर कॉफमन १९३४ साली नाझी छळाच्या सावलीतून निसटून मुंबईत आले आणि काही महिन्यांतच त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' हा छोटा वादकवृंद उभा केला. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील नवनिर्मिती आणि आपले राग यांची गाठ घालू पाहणाऱ्या या वृंदाची व त्याच्या वारशाची ही ओळख.

पहाटे सहाच्या सुमारास रेडिओ लावला, की प्रथम तंबोऱ्याचा नाद ऐकू येई आणि त्यावर व्हायोलिनची एक संथ, काहीशी उदास धून उमटे. मग 'वंदे मातरम्' आणि त्यानंतर मंगलवाद्ये. मालवण, देवबाग, वेंगुर्ले, शिरोडा या किनाऱ्यावरील घरांत दूरचित्रवाणी पोहोचण्यापूर्वी कित्येक वर्षे दिवस असाच उजाडत असे. केंद्र रत्नागिरीचे असो, पणजीचे असो वा मुंबईचे, धून तीच. समुद्रावर जाणाऱ्याला हवामानाचा अंदाज हवा असे, घरातील वडीलधाऱ्यांना भक्तिसंगीत. धून मात्र मुद्दाम कान देऊन कोणी ऐकत नसे. विहिरीवरच्या रहाटाच्या कुरकुरीप्रमाणे ती सकाळचाच एक भाग होऊन गेली होती.

ही धून शिवरंजनी रागाच्या अंगाने जाते. सा, रे, कोमल गंधार, पंचम आणि धैवत अशा पाच स्वरांचा हा राग. त्यातील कोमल गंधारामुळे ती करुण वाटते. पण रचनेचा घाट नीट ऐकला तर एक गोष्ट ध्यानी येते. तंबोऱ्याच्या षड्जावर व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो या तंतुवाद्यांनी तोललेले ते एक छोटेसे 'चेंबर' संगीत आहे. भारतीय रेडिओवर सर्वाधिक वेळा वाजलेली ही रचना पाश्चात्त्य चेंबर वृंदाच्या वळणाची असावी, ही बाब आपल्याकडे क्वचितच बोलली जाते.

'चेंबर म्युझिक' म्हणजे शब्दशः दालनातले संगीत. सिंफनी ऑर्केस्ट्रात पन्नास ते शंभर वादक असतात, त्यांच्यापुढे संचालक उभा असतो आणि एकेका सुरावटीमागे दहा-पंधरा व्हायोलिने असतात. चेंबर वृंदात दोनपासून आठ-नऊपर्यंत वादक असतात. प्रत्येकाची सुरावट वेगळी आणि ती वाजवणारा तो एकटाच, संचालक नाही. एकाने दुसऱ्याचे ऐकायचे, श्वास ओळखायचा आणि आपला सूर त्यात गुंफायचा. दोन व्हायोलिने, एक व्हिओला व एक चेलो यांचा 'स्ट्रिंग क्वार्टेट' हा या प्रकारातील सर्वांत प्रतिष्ठेचा. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात जन्मलेला हा प्रकार आपल्या बैठकीच्या गाण्याला पुष्कळ जवळचा आहे. श्रोते मोजके, वादक हाताच्या अंतरावर आणि लपायला जागा कुणालाच नाही.

सिंधुदुर्गातील वाचकाला याहून जवळचे उदाहरण द्यायचे तर दशावताराचे देता येईल. देवळाच्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या या नाटकाला लिखित संहिता नसते. रंगमंचाच्या एका कडेला पायपेटी, मृदंग आणि झांज एवढीच तीन वाद्ये असतात. राजपार्टीचा नट कोणते पद कुठल्या पट्टीत उचलणार, युद्धाचा प्रवेश किती लांबणार, हे त्या तिघांनी नटाच्या पावलावरून आणि एकमेकांच्या नजरेवरून ओळखायचे असते. पेटीवाल्याचा हात क्षणभर मागे राहिला तर पद पडते. स्वरलिपीचा कागद समोर नाही, एवढा फरक सोडला तर चेंबर वादकाला लागणारे अवधान याहून वेगळे नाही. पाश्चात्त्य चेंबर संगीताच्या नियमित मैफली मालवणी मुलखात रुजल्या नाहीत. त्या रुजल्या मुंबईत, आणि त्या रुजवणारा माणूस युरोपातून आलेला एक निर्वासित होता.

वॉल्टर कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातील कार्ल्सबाड या गावी झाला. उष्ण झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकात कार्लोव्ही व्हारी या नावाने ओळखले जाते. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे त्यांनी रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. वाद्यांच्या वर्गीकरणामुळे जगभर नावाजलेले संगीतशास्त्रज्ञ कुर्ट झाख्स हेही त्यांचे गुरू. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी संगीतशास्त्राचा अभ्यास केला आणि गुस्ताव माहलर या संगीतकारावर प्रबंध लिहिला. पण आपले एक प्राध्यापक स्थानिक नाझी युवक संघटनेचे पुढारी आहेत हे कळताच त्यांनी डॉक्टरेट स्वीकारण्यास नकार दिला. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या तरुणाला त्या काळात हा नकार परवडण्याजोगा नव्हता; तरीही त्यांनी तो दिला.

त्यांनी भारतच का निवडला, याचे त्यांनी स्वतः दिलेले उत्तर अगदी व्यवहारी होते. येथील व्हिसा सहज मिळण्याजोगा होता. मात्र त्याच्या जोडीला एक कुतूहलही होते. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी प्रथम ऐकल्या तेव्हा त्यांना त्यातले काहीच उमगले नाही. त्यावर त्यांनी जो विचार केला तो लक्षात ठेवावा असा आहे. लाखो लोक ज्या संगीतावर प्रेम करतात ते अर्थशून्य असणे शक्य नाही, तेव्हा उणीव आपल्या कानांत असली पाहिजे आणि ती भरून काढायची तर ते संगीत जिथे जन्मले तिथेच गेले पाहिजे, असा तो विचार. त्या काळी भारतात आलेल्या किती युरोपीय संगीतज्ञांना एवढी नम्रता दाखवता आली, हा प्रश्नच आहे.

१९३४ साली कॉफमन मुंबईत उतरले. काही महिन्यांतच त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिच्या मैफली होत. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एदिज्यो व्हेर्गा हे इटालियन वादक, असा वृंदाचा गाभा होता; गरजेप्रमाणे इतर वादक येऊन मिळत. मे १९३७ पर्यंत, म्हणजे जेमतेम तीन वर्षांत, सोसायटीने १३६ कार्यक्रम केले. हा आकडा नीट पाहावा. पावसाळा, सणवार, वादकांची आजारपणे हे सारे धरूनही जवळपास दर आठवड्याला एक मैफल भरत होती. आजच्या मुंबईतसुद्धा एवढे सातत्य सोपे नाही. शिवाय हे त्या शहरात घडत होते, जिथे पाश्चात्त्य संगीत म्हणजे बहुतांशी क्लबातले नृत्यसंगीत, लष्करी बँड आणि चर्चमधील गायन एवढाच अर्थ होता.

मेहली मेहता हे या वृंदातील सर्वांत महत्त्वाचे भारतीय नाव. १९०८ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात जन्मलेले मेहली हे व्हायोलिन बव्हंशी स्वतःच्या मेहनतीने शिकलेले. १९३५ साली त्यांनी 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभारला आणि १९४० साली 'बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट'. या वाद्यवृंदात पारशी हौशी वादकांबरोबर गोवेकर व्यावसायिक आणि युरोपीय मंडळी शेजारी शेजारी बसत. क्वार्टेटच्या तालमी मेहतांच्या घरीच चालत. १९३६ साली जन्मलेला त्यांचा थोरला मुलगा त्या तालमी ऐकतच मोठा झाला. जगाने त्याला पुढे झुबिन मेहता म्हणून ओळखले. झुबिन यांच्या घडणीत ऑर्केस्ट्राइतकाच या घरगुती क्वार्टेटचाही वाटा आहे.

सोसायटीचे वेगळेपण केवळ मैफलींच्या संख्येत नव्हते. कॉफमन हे मुळात रचनाकार होते आणि हाताशी कसलेले वादक असल्याने त्यांना नव्या रचना ताबडतोब वाजवून पाहता येत. मुंबईच्या बारा वर्षांत त्यांनी स्ट्रिंग क्वार्टेट, व्हायोलिन सोनाटा, सोनाटिना अशा अनेक कृती लिहिल्या. समकालीन पाश्चात्त्य रचना म्हणजे काय, हे मुंबईच्या श्रोत्यांना परदेशी ध्वनिमुद्रिकेवरून नव्हे, शाई पुरती वाळण्याआधीच प्रत्यक्ष ऐकायला मिळत होते.

या रचनांमध्ये कॉफमन यांच्यापुढचा प्रश्न काय होता, हे समजून घेण्याजोगे आहे. पाश्चात्त्य संगीताचा पाया 'हार्मनी', म्हणजे अनेक स्वरांचा एकाच वेळी होणारा संवाद. आपला राग मात्र एकाच सुरावटीतून, एका षड्जाच्या आधाराने उलगडतो. रागाच्या सुरावटीखाली स्वरसंघांचे थर रचले की षड्जाचे आसन डळमळते आणि राग हरवतो. हरवला नाही तर निदान ओळख विसरतो. चित्रपटसंगीताने हा तिढा सोडवण्याच्या फंदात न पडता चालीला व्हायोलिनांचा ताफा जोडून दिला. कॉफमन यांनी दुसरी वाट धरली. पियानोवर मींड निघत नाही, कारण त्याचे स्वर पट्ट्यांत बांधलेले असतात. पण व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो या वाद्यांना पडदे नसतात. त्यांवर बोट घसरवून सूर हवा तसा वळवता येतो. म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट हा युरोपीय प्रकार भारतीय कंठाला पियानोपेक्षा कितीतरी जवळचा आहे. चेलोने तंबोऱ्यासारखा सूर धरायचा, त्यावर एका व्हायोलिनने रागाच्या अंगाची स्वरावली मांडायची, दुसऱ्याने तिचा तुकडा उचलून उत्तर द्यायचे, असा संवाद त्यात साधतो. हार्मनीचे ओझे कमी करून सुरावटींचा परस्परसंवाद वाढवणे, हा कॉफमन यांचा मार्ग होता. जुगलबंदी ऐकणाऱ्या कानाला तो परका वाटू नये.

१९३७ पासून कॉफमन ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख होते. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते आणि ८ जून १९३६ रोजी साऱ्या सेवेचे 'ऑल इंडिया रेडिओ' असे नामकरण झाले. परिचयधून याच काळातली. तिच्या कर्तृत्वाविषयी मात्र एकमत नाही. बहुतेक अभ्यासक ती १९३६ साली कॉफमन यांनी रचल्याचे मानतात. त्यांच्या एका व्हायोलिन सोनाटात तिचे मूळ असल्याचे आणि व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवल्याचे सांगितले जाते. ठाकूर बलवंत सिंग आणि ब्रिटिश रचनाकार जॉन फोल्ड्स यांचीही नावे या संदर्भात घेतली गेली आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते धुनेचा घाट कॉफमन यांच्या बाजूने कौल देतो. तंबोरा आणि तीन तंतुवाद्ये यांची ती मांडणी गुरुवारच्या मैफलींशी नाते सांगते. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मुंबई केंद्रावरून 'अनसूया' ही त्यांची रेडिओ-संगीतिका प्रसारित झाली. ऑपेरा केवळ कानांसाठी रचण्याचा भारतातील तो अगदी आरंभीचा प्रयत्न होता.

फोल्ड्स यांचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण घ्यायला हरकत नाही. १९३५ साली भारतात आलेले हे गृहस्थ दिल्ली केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख होते आणि भारतीय वाद्यांचा वृंद बांधून त्यासाठी नव्या रचना करत होते. कॉफमन मुंबईत जे करत होते त्याचेच हे दुसरे टोक. कलकत्ता केंद्रात बदली झाल्यावर थोड्याच दिवसांत, एप्रिल १९३९ मध्ये, पटकीने त्यांचे निधन झाले. पण त्याआधी १९३८ साली त्यांनी हार्मोनियमविरुद्ध एक जळजळीत लेख लिहिला होता. पट्टीबद्ध, श्रुतिहीन असे हे विदेशी वाद्य भारतीय संगीताचा घात करते, असा त्यांचा मुद्दा होता. रवींद्रनाथ ठाकूर यांचाही हार्मोनियमला विरोध होता. १ मार्च १९४० पासून रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली, ती १९७१ मध्ये साथीच्या वाद्यापुरती सैल झाली. तीसहून अधिक वर्षे गोविंदराव टेंबे यांच्या परंपरेतील वाद्य सरकारी ध्वनिक्षेपकापुढे अस्पृश्य होते. आणि या सर्व काळात वेंगुर्ले-कुडाळच्या जत्रांत दशावताराची पायपेटी रात्र रात्र बिनदिक्कत वाजत होती! शास्त्रार्थ दिल्लीत चालला होता. मोचेमाड-वालावलच्या पेटीवाल्याला त्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. भारतीय संगीताची शुद्धता राखण्याचा अग्रहक्क एका इंग्रज रचनाकाराने घ्यावा आणि आपण तो मानावा, यातला विनोद आज ध्यानात येतो.

मुंबईतील हे दिवस कॉफमन यांच्यासाठी केवळ कलासाधनेचे नव्हते. त्यांची पत्नी गर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. काफ्कांच्या तिन्ही बहिणी, म्हणजे गर्टीची आई एली आणि दोन्ही मावश्या, नाझींच्या वंशसंहारात बळी पडल्या. दर आठवड्याला एक मैफल उभी करणाऱ्या या दाम्पत्याच्या मागे युरोपात काय चालले होते याची ही कल्पना. पोटापाण्यासाठी कॉफमन यांनी मोहन भवनानी यांच्या चित्रपटसंस्थेसाठीही काम केले. प्रागचे लेखक व समीक्षक विली हास हेही त्याच संस्थेसाठी पटकथा लिहीत होते.

याच शहरात, याच वर्षांत पं. विष्णु नारायण भातखंडे आपल्या आयुष्याची अखेर मोजत होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. मराठीत लिहिलेल्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'च्या खंडांतून त्यांनी रागांची दहा थाटांत जी व्यवस्था लावली होती, तिचाच आधार घेऊन कॉफमन यांचा 'द रागाज् ऑफ नॉर्थ इंडिया' हा बृहद्ग्रंथ १९६८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातील प्रकरणे थाटांच्या क्रमाने आहेत. पाश्चात्त्य विद्यार्थ्याला शेकडो रागांची पाश्चात्त्य स्वरलिपीतील ओळख या ग्रंथाने करून दिली. पाठोपाठ १९७६ साली दक्षिणेच्या रागांवरील खंड आला. वाळकेश्वरच्या एका मराठी वकिलाने घातलेला पाया अशा रीतीने एका बोहेमियन संगीतकाराच्या हस्ते इंडियानापर्यंत पोहोचला. आणखी एक नोंद अशी, की गोंड व बैगा आदिवासींच्या गाण्यांवर कॉफमन यांनी १९४१ मध्येच शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. म्हणजे त्यांचा अभ्यास शहरी बैठकीपाशी थांबला नव्हता.

मग हा वृंद टिकला का नाही? सरळ उत्तर असे, की वादक पांगले. १९४५ साली मेहली मेहता व्हायोलिनच्या उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले; पुढे मँचेस्टर, फिलाडेल्फिया आणि अखेर लॉस एंजेलिस असा त्यांचा प्रवास झाला. तेथे त्यांनी तरुणांचा 'अमेरिकन यूथ सिंफनी' उभारला. २००२ साली त्यांचे निधन झाले. १९४६ साली कॉफमन यांनी मुंबई सोडली. इंग्लंडमध्ये काही काळ काढून ते कॅनडातील हॅलिफॅक्सला गेले, १९४८ पासून दशकभर विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक होते आणि त्यानंतर ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. दोन खांब गेल्यावर मांडव कोसळावा तसे झाले.

परंतु हे उत्तर पुरेसे नाही. त्याच काळात युरोपातून मुंबईत आलेल्या आणखी तीन निर्वासितांकडे पाहावे. वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर. चित्रकार, समीक्षक आणि संग्राहक अशा या त्रयीने १९४७ साली स्थापन झालेल्या 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'च्या पाठीशी आपले बळ उभे केले. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांची नावे आज कोण जाणत नाही? चित्रकलेत निर्वासितांनी टाकलेले बी वाढले, संगीतात ते कोमेजले. कारण चित्रकलेला जे. जे. कला महाविद्यालय होते आणि तेथून दरवर्षी तरुण चित्रकार बाहेर पडत होते. संगीतात व्हायोलिन शिकवणारे होते. रचना शिकवणारी शाळा नव्हती. चित्र एकदा रंगवले की भिंतीवर राहते. क्वार्टेट दर वेळी चार माणसांनी नव्याने वाजवावा लागतो, आणि त्या चार माणसांना महिन्याचे भाडे भरायचे असते. ते भाडे चित्रपट देत होता.

ज्या गोवेकर वादकांच्या बळावर मुंबईतील पाश्चात्त्य संगीत उभे होते, त्यांची कथा या दृष्टीने बोलकी आहे. तेरेखोल ओलांडले की सुरू होणाऱ्या त्या मुलखात सोळाव्या शतकापासून चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवली जाई. ही मुले पुढे मुंबईला येऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसली. माजोर्डे येथे १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस त्यांपैकी एक. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकवणारे हे गुरू दिवसा चित्रपटांसाठी वाजवीत आणि उरलेल्या वेळात रागांवर आधारित सिंफनी व कॉन्चेर्टो रचीत. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभारून मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादक एकत्र आणले. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्यात गायक होते. सारंग रागावरील कॉन्चेर्टो आणि 'सोनाटिना इंडियाना' या त्यांच्या रचना. कॉफमन यांनी पश्चिमेकडून रागाकडे यावे आणि गोन्साल्विस यांनी चर्चच्या स्वरलिपीतून रागाकडे यावे; पण दोन्ही प्रयत्नांची गत एकच. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेला गेले, परतल्यावर माजोर्ड्यात एकांतात राहिले. त्यांचे नाव लोकांच्या तोंडी आले ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील गाण्यामुळे, आणि ते एका हाडामांसाच्या रचनाकाराचे नाव आहे हे फारच थोड्यांना ठाऊक होते. जानेवारी २०१२ मध्ये ते निवर्तले.

सरकारी धोरणाचाही यात हात होता. १९५२ साली दिल्लीत आकाशवाणीचा 'वाद्यवृंद' स्थापन झाला आणि त्याची धुरा पं. रविशंकर यांच्याकडे आली. भारतीय वाद्यांच्या सामूहिक वादनाचा हा उपक्रम मोलाचा होता. मात्र त्यामुळे नव्या रचनेची सरकारी व्याख्याच बदलली आणि युरोपीय वळणाच्या चेंबर वृंदाला रेडिओवर कोपराच उरला. त्या काळच्या राष्ट्रीय भावनेचा विचार करता हे स्वाभाविक म्हणावे लागेल. पण कॉफमन यांच्या क्वार्टेटमध्ये परके कोण होते, राग की व्हायोलिन, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

सर्व काही लुप्त झाले असे मात्र नाही. १९५६ साली व्हिक्टर परंज्योती यांनी मुंबईत स्थापलेल्या वृंदगायकांनी नाव कमावले. १९६२ साली 'बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा' स्थापन झाला आणि हौशी व व्यावसायिक वादकांच्या बळावर दीर्घकाळ चालला. २००६ साली नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सने 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' उभारला. त्यातूनच एक चेंबर वृंदही बांधला गेला. याच ऑर्केस्ट्राने सप्टेंबर २०१५ मध्ये उस्ताद झाकिर हुसेन यांचा 'पेशकार' हा तबल्याचा कॉन्चेर्टो प्रथम सादर केला. रचनाकारांपैकी वनराज भाटिया यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मुंबईत १९२७ साली जन्मलेले भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि नंतर पॅरिसला नादिया बूलांझे यांच्याकडे शिकले. 'अंकुर', 'मंथन' आणि हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका'वर आधारलेला 'भूमिका' या चित्रपटांमुळे ते सर्वांना परिचित झाले. त्यांच्या पियानो व तंतुवाद्यांसाठीच्या गंभीर रचना मात्र मूठभरांनीच ऐकल्या. मे २०२१ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हाच्या बहुतेक वृत्तांत उल्लेख होता तो चित्रपटांचा.

कॉफमन १९८४ साली ब्लूमिंग्टन येथे वारले. तोवर त्यांची ओळख रागांवरील ग्रंथांचे कर्ते अशीच उरली होती. 'मद्रास एक्सप्रेस'सारखी हलकीफुलकी वाद्यवृंदरचना आणि १९६१ साली सादर झालेली 'द स्कार्लेट लेटर' ही संगीतिका सोडल्यास त्यांच्या कृती वाजवल्या जात नव्हत्या. मुंबईत लिहिलेल्या क्वार्टेटच्या हस्तलिखित संहिता इंडियाना विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात बासनात पडून होत्या. त्या बाहेर काढल्या टोरँटोच्या 'एआरसी एन्सेंबल' या वृंदाने. नाझी राजवटीमुळे परागंदा झालेल्या रचनाकारांचे संगीत पुन्हा वाजते करणे, हे या वृंदाचे ब्रीद आहे आणि सायमन विनबर्ग हे त्याचे कलासंचालक आहेत. २०२० साली शँडॉस कंपनीने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या तबकडीत कॉफमन यांचा सातवा आणि अकरावा स्ट्रिंग क्वार्टेट, दुसरा व्हायोलिन सोनाटा, बारावी सोनाटिना आणि सेप्टेट या कृती आहेत.

ही तबकडी आता इंटरनेटवरही ऐकता येते. अकराव्या क्वार्टेटपासून सुरुवात करावी. पहिल्या ऐकण्यात तो अवघड वाटेल, सुरावटी एकमेकींच्या वाटेत येताहेत असेही वाटेल. दुसऱ्यांदा ऐकताना खालच्या चेलोकडे लक्ष द्यावे. तो सूर धरून बसलेला असतो तेव्हा पहाटेच्या धुनेतील तंबोरा आठवल्यावाचून राहत नाही.